दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा आणि आपल्या हातातल्या गोष्टी

सोनचाफा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात सुका कचरा देताना आमच्याकडे येणाऱ्या कचरावेचक ताईंनी मला एक विनंती केली. "दुधाची पिशवी कापताना कोपरा पार तोडू नका ताई, लटकता राहू द्या." मी कारण विचारले, तेव्हा त्यांनी गाडीवरच्या पोत्यातून एक पिशवी काढून दाखवली. ही धुतलेली, वाळलेली पिशवी भंगारात विकली जाते, पुढे तिचे दाणे होतात आणि त्या दाण्यांपासून नव्या वस्तू घडतात. कापून वेगळा झालेला नखाएवढा त्रिकोण मात्र कोणाच्याच हाती लागत नाही. तो भाजीच्या देठांबरोबर ओल्या कचऱ्यात जातो किंवा मोरीतून गटारात उतरतो. ओल्या कचऱ्यातला तुकडा खतात मिसळतो आणि खताबरोबर कोणाच्या तरी शेतात पडतो.

त्या रात्री मी हिशेब मांडला. आमच्या इमारतीत ४८ घरे आहेत. घरटी रोज दोन पिशव्या धरल्या तरी वर्षाला ३५,०४० तुकडे होतात, आणि ते टाळण्यासाठी कात्री अर्धा सेंटिमीटर अलीकडे थांबवणे एवढेच करायचे आहे. त्याला पैसा लागत नाही, वेळ लागत नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही.

जगातले प्लास्टिक एवढ्याने संपणार नाही, हे मला कळते. तरीही जे माझ्या हातात आहे ते मी नीट केले, तर त्याचा उपयोग कोणाला तरी होतोच, असे माझे ठाम मत झाले आहे. आपण घरात, इमारतीत किंवा गावात अशी कोणती लहान गोष्ट करता आणि तिचा परिणाम आपण स्वतः पाहिला आहे का, हे कृपया सविस्तर लिहावे.

रानवाट

तीस वर्षे या हातांनी पिशव्या कापल्या, पण तो तुकडा पुढे कुठे जातो हा प्रश्न एकदाही मनात आला नाही. उद्या सकाळपासून कोपरा लटकताच राहील.

सह्यकडा

धागा चांगला आहे आणि सोनचाफा यांच्या तळमळीबद्दल आदरही आहे, पण माझा अनुभव कडू आहे आणि तो इथे मांडणे मला आवश्यक वाटते.

आमच्या घरात चार वर्षे ओला आणि सुका कचरा काटेकोरपणे वेगळा ठेवला जात होता. आईचे वय ७४, तरीही ती दह्याचे रिकामे डबे धुऊन, पुसून बाजूला ठेवत असे. एके दिवशी मी गॅलरीत उभा असताना घंटागाडीवरच्या माणसाने आमच्या दोन्ही बादल्या एकाच हौद्यात उलट्या केलेल्या पाहिल्या. आईला मी ते सांगितले नाही, कारण तिच्या चार वर्षांच्या कष्टांचे काय झाले हे तिला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

जी वस्तू बाजारात आणतानाच ती परत गोळा करण्याची सोय केलेली नसते, तिचा भार शेवटी गृहिणीच्या ओट्यावर येतो. उत्पादकाने आपल्या वेष्टनाची जबाबदारी घ्यावी, हे आपल्या देशात २०१६च्या प्लास्टिक कचरा नियमांत लिहिलेले आहे. महाराष्ट्राच्या २०१८च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशव्यांना सूट देताना त्या परत विकत घेण्याची अटही घातली होती. आपल्यापैकी किती जणांना पिशवी परत देऊन पैसे मिळाले? कोपऱ्याची चर्चा करताना या मोठ्या प्रश्नावरून लक्ष उडू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

विहीरकाठ

सह्यकडा, आपला राग मला समजतो, पण दुसऱ्या बाजूनेही थोडे पाहावे अशी विनंती आहे. माझे माहेर फुरसुंगीचे.

पुण्याचा कचरा अनेक दशके उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात येऊन पडत राहिला. माझ्या लहानपणी आमच्या विहिरीचे पाणी आम्ही ओंजळीने प्यायचो. नंतर त्याच पाण्याचा रंग चहासारखा झाला आणि आजीने विहिरीवर जाणे सोडले. पावसाळ्यात वारा डेपोकडून वाहू लागला की जेवताना दारे-खिडक्या लावून घ्याव्या लागत. गावकऱ्यांनी पुन्हा पुन्हा गाड्या अडवल्या तेव्हा शहरात कचरा साचला आणि वर्तमानपत्रांत "कचराकोंडी" असे मथळे आले. आमच्या गावाची कोंडी त्याआधी कित्येक वर्षे चालू होती.

त्या ढिगाऱ्यातून जे काळे पाणी झिरपत होते, ते प्लास्टिकच्या बाटल्यांमधून येत नव्हते. ते आपल्या घरातल्या उष्ट्या भाताचे, टरबुजाच्या सालींचे, नासलेल्या भाज्यांचे पाणी होते. ओला कचरा हवेशिवाय दाबला गेला की तो कुजून मिथेन होतो, डेपोंना आगी लागतात त्याचे हेही एक मोठे कारण आहे. मुंबईत देवनारला जानेवारी २०१६मध्ये लागलेल्या आगीचा धूर आपण सर्वांनी दूरदर्शनवर पाहिला असेल. म्हणून माझ्या सासरच्या घरातून गेली अकरा वर्षे ओल्या कचऱ्याचा एक कणही बाहेर गेलेला नाही. आमच्या एका घरामुळे डेपो बंद झाला नाही, पण माझ्या ताटातले उरलेले अन्न माझ्याच माहेरच्या विहिरीत उतरणार नाही, एवढी खात्री मला रोज मिळते.

रानवाट

विहीरकाठ, वाचून डोळे भरून आले. आपण ओला कचरा घरातच कसा जिरवता ते कृपया लिहाल का? मी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा वास आला म्हणून सोडून दिला.

विहीरकाठ

आनंदाने लिहिते. वास येतो तो बहुतेक वेळा पाणी जास्त झाल्यामुळे आणि हवा कमी पडल्यामुळे.

कुंभाराकडून रुंद तोंडाची दोन मडकी आणावीत आणि कडेने छिद्रे पाडून घ्यावीत. तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा जाडसर काटक्या घालाव्यात. त्यावर रोजचा ओला कचरा टाकायचा, मात्र तो शक्य तितका बारीक चिरून टाकावा, कारण अख्खे कणीस किंवा कोबीचा गड्डा महिनोन्‌महिने तसाच राहतो. प्रत्येक थरावर तेवढाच किंवा थोडा जास्त वाळलेला पाला पसरावा. जिथे पाला झाडून जाळतात तिथून पोते भरून आणावा, तो कोणीही आनंदाने देतो. सुरुवातीला कोणाकडून तरी तयार खताची एक ओंजळ मागून घ्यावी, ती विरजणासारखे काम करते. दोन-तीन दिवसांनी काठीने ढवळावे, म्हणजे आत हवा खेळते.

चहाचा चोथा धुऊन घातला तर मुंग्या लागत नाहीत. ताक, आमटी, तेलकट रस्सा घालू नये. चिलटे झाली तर पाल्याचा थर वाढवावा आणि मूठभर कडुनिंबाचा पाला घालावा. अळ्या दिसल्या तर घाबरून फेकून देऊ नये, त्या कचरा खाऊन खताचेच काम करत असतात. एक मडके भरले की झाकून बाजूला ठेवावे आणि दुसरे वापरायला घ्यावे. साधारण दोन महिन्यांत पहिल्या मडक्यातला कचरा काळा, भुसभुशीत होतो आणि हातात घेतला की पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो.

चौथा मजला

सह्यकडा यांनी सांगितलेला प्रसंग आमच्या वसाहतीतही जसाच्या तसा घडला होता. तिथे आम्ही काय केले ते सांगतो, कारण ते काम एकाच बाईंनी सुरू केले.

आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षिका बाईंनी भांडण केले नाही. गाडीवरच्या मुलाला त्यांनी पाणी दिले आणि विचारले, "बाळा, दोन्ही एकत्र का करतोस?" त्याने सांगितले की गाडीला मधला पत्राच नाही, तेव्हा वेगळे घेतले तरी ठेवणार कुठे? म्हणजे ज्याच्यावर आम्ही चिडत होतो, त्याच्या हातात काहीच नव्हते. मग बाईंनी महिनाभर रोज सकाळी वहीत नोंद ठेवली: तारीख, गाडी किती वाजता आली, किती घरांनी वर्गीकरण करून कचरा दिला, गाडीत तो वेगळा राहिला की नाही. ती वही घेऊन आम्ही सात जण संबंधित कार्यालयात गेलो. पहिल्या दोन वेळी उडवाउडवीची उत्तरे मिळाली. तिसऱ्या वेळी साहेबांनी वही उघडून पाने चाळली. त्यानंतर सुमारे पाच आठवड्यांनी मधला पत्रा बसवलेली गाडी येऊ लागली.

वहीत "६२पैकी ५७ घरे वर्गीकरण करतात" असे लिहिलेले नसते, तर "आधी तुमचे लोक वेगळा कचरा देतात का ते पाहा" या एका वाक्यात आमची बोळवण झाली असती. त्यामुळे मोठा प्रश्न आणि लहान कृती यांत आपल्याला निवड करावी लागते, असे मला वाटत नाही. आमच्याकडे मोठा प्रश्न विचारण्याचे बळ लहान कृतीनेच दिले.

मात्रा

मी डॉक्टर आहे आणि चर्चेत अजून न आलेला एक मुद्दा मांडू इच्छिते.

माझ्या दवाखान्यात कचरावेचक स्त्रिया येतात त्या बहुधा हाताच्या जखमा घेऊन. तुटलेल्या पेल्याची काच, दाढीचे पाते आणि अलीकडच्या वर्षांत इन्सुलिनच्या सुया. मधुमेह घरोघरी आहे, घरी इंजेक्शन घेणारेही वाढले आहेत, पण वापरलेली सुई कुठे टाकायची हे रुग्णाला कोणी सांगत नाही, आणि यात आम्हा डॉक्टरांचीही चूक आहे. गेल्या वर्षी एका बाईंच्या तळहातात सुई घुसली. सुई कोणाची, त्या माणसाला कोणता आजार, काहीच माहीत नव्हते. त्यांना पुढचे कित्येक महिने तपासण्यांसाठी यावे लागले आणि त्या काळात रोज रात्री त्यांना काय वाटत असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

इन्सुलिन लिहून देताना मी आता एक जाड प्लास्टिकची रिकामी बाटली हातात देते. वापरलेली सुई त्यात टाकायची, बाटली पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून दवाखान्यात परत आणायची. ती पुढे वैद्यकीय कचऱ्याबरोबर जाते. काच फुटली तर जाड कागदात गुंडाळून, दोरा बांधून वर ठळक अक्षरांत "काच" लिहावे आणि देताना तोंडानेही सांगावे. संपलेल्या औषधांच्या बाटल्या, रंगाचे डबे, जुन्या ट्यूबलाइट वेगळ्या ठेवाव्यात. घरगुती घातक कचरा म्हणून तिसरा वेगळा भाग करण्यास २०१६च्या घनकचरा नियमांनीच सांगितले होते.

वापरलेल्या सॅनिटरी पॅडविषयीही मोकळेपणाने लिहायला हवे. पुण्यातल्या कचरावेचकांनी ते कागदात नीट गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याचे आवाहन केले होते. कारण साधे आहे. ठिपका दिसला की पुडी उघडून पाहावी लागत नाही. त्या ठिपक्याला आपल्याला एक सेकंद लागतो, आणि समोरच्या बाईचा मान राखला जातो.

वाटसरू

मात्राताई, आपला प्रतिसाद आमच्या इमारतीच्या सूचनाफलकावर लावण्याची परवानगी द्यावी, ही विनंती.

मात्रा

अवश्य लावा. बाटलीचा मुद्दा मोठ्या अक्षरांत घ्यावा.

पेठकर

पुण्याचा उल्लेख आला आहे म्हणून थोडी माहिती देतो. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३मध्ये स्थापन झाली. बाबा आढाव यांचे नेतृत्व तिला लाभले आणि कचरा वेचणाऱ्या स्त्रिया या कामगार आहेत, ही गोष्ट शहराला मान्य करायला लावण्यापासून तिचे काम सुरू झाले. त्यातूनच पुढे "स्वच्छ" ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८मध्ये तिचा महापालिकेशी दारोदार कचरा गोळा करण्याचा करार झाला. सोनचाफा यांच्याकडे येणाऱ्या ताई कदाचित याच संस्थेच्या असतील. या स्त्रियांचे उत्पन्न घरांकडून मिळणारे मासिक शुल्क आणि सुक्या मालाची विक्री या दोन्हींवर उभे आहे. खरकट्याने भिजलेला कागद भंगारवाला घेत नाही, घेतला तर पडेल भावाने घेतो. वर्तमानपत्राची घडी कोरडी ठेवण्याचे मोल महिन्याच्या शेवटी एखाद्या घरच्या वाणसामानात दिसते.

ऱ्हाईनकाठ

मी जर्मनीत राहते. इथे पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते आणि रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की ती परत मिळते. सह्यकडा यांच्या मुद्द्याला यातून बळ मिळते, हे मान्य करायला हवे: व्यवस्था नीट असेल तर माणसाला चांगले वागणे सोपे जाते. पण ओल्या कचऱ्याच्या तपकिरी पेटीत प्लास्टिक टाकणारे इथेही आहेत. आमच्या इमारतीतल्या एक आजी दर शनिवारी हातमोजे घालून त्या पेटीतले प्लास्टिक काढत असत. गेल्या हिवाळ्यात त्या आजारी पडल्या, तेव्हापासून ते काम मी आणि माझा मुलगा करतो.

सह्यकडा

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. उत्पादकांच्या जबाबदारीविषयीचे माझे मत बदललेले नाही आणि बदलूही नये, असे मला वाटते. मात्र "चौथा मजला" यांच्या वहीने मला विचारात पाडले. घंटागाडीवरच्या माणसाला मी गॅलरीतून पाहिले, खाली उतरून एक शब्दही विचारला नाही. उद्या विचारेन.

एक शंका मात्र उरते. किनारे स्वच्छ करणाऱ्या मोहिमांकडे पाहिले की वाटते, आज उचललेला कचरा उद्याच्या भरतीला परत येणारच, मग या कष्टांचा शेवट कुठे?

भरतीओहोटी

सह्यकडा, मी वर्सोव्याला राहतो, तेव्हा याचे उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. अफरोज शाह या वकिलांनी ऑक्टोबर २०१५मध्ये आपल्या वयोवृद्ध शेजाऱ्यांसह, म्हणजे अवघ्या दोन माणसांनी, किनाऱ्यावरचा कचरा उचलायला सुरुवात केली. काही ठिकाणी वाळू दिसत नव्हती, इतके थर होते. आपण म्हणता तसा कचरा परत येत असे, आणि पावसाळ्यात तर एका रात्रीत येत असे. पण आठवड्यामागून आठवडे लोक येत राहिले. २०१६मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने या कामाचा गौरव केला, आणि मार्च २०१८मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले याच वाळूतून समुद्राकडे जाताना दिसली.

मी त्या मोहिमेत फार नियमित नव्हतो, पण जेवढे रविवार गेलो तेवढ्यांत एक गोष्ट शिकलो. दोन तास वाळूतून गुटख्याच्या पुड्या उपसलेला माणूस घरी जाताना दुकानात पिशवी मागत नाही. कचरा परत येतो हे खरे, पण तो उचलणारा माणूस पूर्वीसारखा राहत नाही आणि त्याच्या घरून समुद्रात जाणारा कचरा थांबतो.

वऱ्हाडी

आमच्या अमरावती जिल्ह्यात गाडगेबाबांचा उल्लेख न करता ही चर्चा पूर्ण होऊच शकत नाही. बाबा गावात आले की आधी हातात खराटा घेत. गाव झाडून झाल्यावर रात्री कीर्तन, आणि केलेल्या कामाखेरीज कोणाचे अन्न घ्यायचे नाही, हा त्यांचा नेम. माझ्या आजोबांनी त्यांना झाडताना पाहिले होते. आजोबा सांगायचे की बाबा कोणालाही "झाडा" म्हणाले नाहीत, पण एवढा मोठा माणूस वाकून आपले अंगण झाडतो हे पाहून बायाबापड्या घरातून खराटे घेऊन धावत येत. आजोबा ९१व्या वर्षापर्यंत आपल्या दारापुढचा रस्ता स्वतः झाडत होते. आता मी झाडतो.

माडाचीवाडी

वेंगुर्ल्याचेही नाव इथे यायला हवे. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथल्या नगर परिषदेने घरोघरच्या वर्गीकरणावर भर दिला आणि कचरा डेपोची जागा लोकांनी पाहायला यावे अशी केली. अधिकारी चांगला होता हे खरेच, परंतु रोज सकाळी पिशव्या वेगळ्या करून देणारे हात वेंगुर्लेकरांचे होते.

सोनचाफा (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत लिहिते आहे, कारण सांगण्यासारखे काही घडेपर्यंत थांबायचे ठरवले होते.

धागा सुरू केल्यावर मी इमारतीतल्या प्रत्येक घरी जाऊन आले. सूचना चिकटवली नाही, प्रत्यक्ष बोलले. सोबत एक कापलेली पिशवी आणि एक लटकत्या कोपऱ्याची पिशवी नेली. काही जणांनी दारातूनच मान डोलावली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी उलट मलाच एक गोष्ट शिकवली: पिशवी उघडल्यावर आत थोडे पाणी घालून विसळायची आणि ते पाणी कणकेत घालायचे. दूध वाया जात नाही, पिशवीला वास येत नाही. तळमजल्यावरची दुसरीतली मुलगी तर आता रोज सकाळी आईच्या कात्रीजवळ उभी राहते.

काल ताईंनी पोत्यातल्या पिशव्या माझ्यासमोर पायरीवर मांडल्या. मी मोजल्या. ४१ पिशव्यांपैकी २९ पिशव्यांचे कोपरे जागेवर होते. ताई म्हणाल्या, "आता वास पण येत नाही हो, धुवायला बसावं लागत नाही. घरी अर्धा तास लवकर जाते." मी कोपऱ्याचा विचार मातीसाठी केला होता. त्यांचा अर्धा तास वाचेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते.

सह्यकडा, आपण गाडीवाल्यांशी बोललात का?

सह्यकडा

बोललो. त्यांच्याही गाडीला मधला पत्रा नाही. मी वही आणली आहे, आज सहावा दिवस. नोंदी आई लिहिते, तिचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे. तिला आता सगळे खरे सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "मग आधी का नाही सांगितलंस, तेव्हाच खाली गेले असते."

रानवाट

मडकी आणली, पाला आणला, विरजण विहीरकाठ यांच्या ओळखीच्या एका ताईंकडून मिळाले. आज अकरावा दिवस आहे आणि अजून वास नाही. एक प्रश्न आहे: तेलाच्या पिशवीचे काय करावे? ती कितीही धुतली तरी ओशट राहते आणि मोरी तुंबते.

विहीरकाठ

रानवाट, तेलाची पिशवी धुऊ नका. डब्यावर रात्रभर उलटी टांगून ठेवा, सकाळी कापून आतून चमचाभर पिठाने पुसून घ्या आणि ते पीठ थालीपिठाच्या भाजणीत मिसळा. नंतर जुन्या वर्तमानपत्राने एकदा कोरडी करून सुक्या कचऱ्यात द्या. आणि तिचाही कोपरा तोडू नका.